हितसंबंध आढळला नाही

मोजणी चालू असताना सभागृहातले पंखे बंद ठेवावे लागत, त्यामुळे तेथल्या शांततेला आडोसा म्हणून कसला आवाजही उरला नव्हता. समोरच्या पडद्यावर दोन नावे होती. डावीकडे ‘उत्तरा देवस्थळी, सचिव’, उजवीकडे ‘यशोधन देवस्थळी, निविदाकार’. दोन नावांच्या मधून एक बारीक राखाडी रेघ गेली होती, आणि तिच्याखाली सरकारी वळणाच्या अक्षरांत उमटले होते: हितसंबंध आढळला नाही.

उत्तराने ते वाक्य वाचले, आणि वाचून झाल्यावरही तिची नजर तेथून हलेना. हे वाक्य तिच्या परिचयाचे होते. रंगाऱ्याच्या नावाखाली, लिफ्टवाल्याच्या नावाखाली तिने ते अनेकदा पाहिले होते, इतिवृत्तात स्वतःच्या हाताने उतरवले होते. पंचविशी उलटलेल्या संसाराखाली ते कसे दिसते, हे मात्र तिला आज प्रथम दिसत होते.

दोन खुर्च्या सोडून तिचा नवरा बसला होता. पडद्याकडे पाहत यशोधनने सावकाश श्वास सोडला. तो सुटकेचा श्वास होता. तिने तो ऐकला. यंत्राला त्यात नोंद घेण्यासारखे काही वाटले नसावे. रेघ होती तशीच राहिली.

“अहो, बघता काय नुसते?” चेअरमन वाघुळदेंनी टाळी वाजवली. “अभिनंदन करा वहिनींचं! याला म्हणतात स्वच्छ कारभार. सख्खा नवरा शेजारी बसलाय आणि काटा हलला नाही!”

मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. अवघडलेपणातून बाहेर पडायला निमित्त मिळाले की माणसे वाजवतात तशा.

“आमच्या घरी एकदा लावा हो हे यंत्र,” मागून कोणीतरी ओरडले, “मायनसमध्ये जाईल!”

हशा पिकला. शेवटच्या रांगेतून समोरच्या फ्लॅटमधल्या सुनंदाताई पगारेंचा आवाज तेवढा वेगळा आला, “अभिनंदन कसलं करता मेल्यांनो?” पण तोवर कोणीतरी पंखे लावले होते.

यशोधन उठला. त्याने वाघुळदेंशी हात मिळवला, समितीतल्या दोघा-तिघांशी मिळवला. उत्तरासमोर आल्यावर त्याचा हात खिशात गेला. भिंतीवरच्या डबीतला हिरवा दिवा अजून लागलेला होता.

*

यंत्राचे कागदोपत्री नाव ‘अनुनादमापक’. नाशिकच्या एका टेकडीलगतच्या सप्तपर्णी सोसायटीत मात्र सगळे त्याला ‘साक्षी’ म्हणत. सभागृहात गणपतीच्या तसबिरीखाली बसवलेली ती एक पांढरी डबी. तिच्यातून अतिसूक्ष्म लहरी निघत, बसलेल्या माणसांच्या छातीवर आपटून परतत, आणि परतताना प्रत्येक श्वासाची, त्या श्वासाखाली दडलेल्या प्रत्येक ठोक्याची केसाएवढी हालचाल टिपून आणत.

दीर्घकाळ जवळ राहिलेल्या माणसांची शरीरे एकमेकांचा ताल धरतात, ही गोष्ट शास्त्रज्ञांना फार पूर्वी कळली होती. एकाचा श्वास अडखळला की क्षणभराने दुसऱ्याचाही अडखळतो. एक बोलायला तोंड उघडतो, आणि शब्द फुटण्यापूर्वीच दुसऱ्याच्या नाडीला त्याची चाहूल लागते. एका खोलीत बसून एकच भाषण ऐकणाऱ्या परक्या माणसांतही थोडे साम्य येतेच. यंत्र ते साम्य वजा करीत असे. वजाबाकीनंतर जे उरे, ते केवळ त्या दोघांमधले असे. आई आणि तान्हे मूल यांच्यातला बंध समजून घेण्यासाठी ज्यांनी हे गणित मांडले, त्यांना त्याचा उपयोग गटाराच्या आणि गळतीच्या कंत्राटांसाठी होईल, याची कल्पना नव्हती.

तो उपयोग सुचण्याला कारणही तसेच होते. गृहनिर्माण संस्थांच्या दुरुस्तीतले आणि पुनर्विकासातले घोटाळे बोकाळले होते. समितीचे सदस्य ‘माझा कोणत्याही निविदाकाराशी संबंध नाही’ अशा घोषणापत्रावर बिनदिक्कत सही करीत, आणि काम मेहुण्याच्या ड्रायव्हरच्या नावावर निघे. कागद खोटे बोलतात, छाती बोलत नाही, असे मग ठरले. यंत्र आले: जवळीक सापडली, तर सदस्याने पद सोडायचे, नाहीतर निविदा बाद व्हायची. त्यापाठोपाठ, वर्षानुवर्षे एकमेकांचे तोंड न पाहिलेल्या भावांनी तक्रारी केल्या, की केवळ रक्ताच्या नात्यापायी आम्हाला का अडवता? तेव्हा नियम बदलला: नाते कागदावर असले, तरी यंत्राला जवळीक सापडली नाही तर हितसंबंध नाही. यंत्राला काही सापडले नाही आणि तरीही एखाद्या सदस्याला स्वतःहून हितसंबंध जाहीर करायचा असेल, तर तशी मुभा होती; मात्र दुसऱ्या बाजूने सभेत तोंडी दुजोरा द्यायला हवा. प्रतिस्पर्ध्याला बुडवण्यासाठी लोक खोट्या जवळिकीही जाहीर करू लागले होते, म्हणून ही अट.

सप्तपर्णीत साक्षीने पहिल्यांदा पकडले ते खजिनदार रहाळकरांना. सोसायटीचे वायरिंग पाहणाऱ्या बाबूलालशी त्यांची गट्टी होती. दोघे जिन्याखाली बसून चहा पीत आणि गुलाबांच्या कलमांविषयी बोलत. रहाळकरांनी त्याच्याकडून कधी फुकट बल्बसुद्धा लावून घेतला नव्हता. पण पडद्यावरची रेघ लालभडक झाली, आणि त्या वृद्ध गृहस्थाला सर्वांसमक्ष पायउतार व्हावे लागले. बाबूलालने नंतर गुलाबाचे एक कलम त्यांच्या दाराशी ठेवले. रहाळकरांनी ते आत घेतले नाही. नियमांचा मान ठेवायचा म्हणून ते पाणीही न घालता तेथेच वाळू दिले.

चेअरमन वाघुळदेंचा साडू बांधकामाची रसायने विकत असे. सोसायटीत लागणारे प्रत्येक रसायन त्याच्याच दुकानातून येई. दोघांना यंत्रासमोर बसवले तेव्हा रेघ राखाडीच राहिली. “आपलं काय, सगळ्यांशी सारखंच,” वाघुळदे म्हणाले होते, आणि ते अगदी खरे होते. ज्याच्या छातीत कोणाचीच वाट पाहिली जात नाही, त्याच्यात यंत्राने काय शोधावे? पुढच्या निवडणुकीत समितीवर अशीच राखाडी माणसे भराभर निवडून आली, आणि वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर ‘आदर्श सोसायटी’ म्हणून त्यांचे छायाचित्र झळकले.

त्या छायाचित्रात उत्तराही होती. तिने हे यंत्र मनापासून मागितले होते. सचिव झाल्यापासून ती कोणाच्या घरी चहा घेत नसे. मग तिने आणखी एक गोष्ट सुरू केली, आणि तिच्या नकळत ती सोसायटीभर पसरली. शेजारून वाटीतून काही आले, तर ती वाटी रिकामी परत करायची नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे तिच्या आईपासून चालत आलेले. उत्तराने वाट्या रिकाम्या पाठवायला सुरुवात केली. धुऊन, पुसून, रिकाम्या. जवळीक वाढायला नको. पहिल्यांदा सुनंदाताईंनी ती रिकामी वाटी हातात घेतली, तेव्हा त्यांनी वाटी पालथी करून पाहिली, जणू काही सांडले असावे. हळूहळू सगळ्याच मजल्यांवरून वाट्या रिकाम्या परतू लागल्या. मग येईनाशाच झाल्या.

*

रविवारी दुपारी जेवताना उत्तराने विचारले, “तुला काही वाटलं का, ते बघून?”

“कशाचं?”

“पडद्यावरचं.”

यशोधनने पोळीचा तुकडा मोडला. अलीकडे तो तिच्याआधी जेवून घेई. आज मोजणीमुळे उशीर झाला, म्हणून दोघे एका वेळी ताटावर होते. “बरं वाटलं,” तो म्हणाला. “काम मिळणार आता. पुढच्या रविवारी सर्वसाधारण सभेत शिक्कामोर्तब.”

“एवढंच?”

“आणखी काय हवंय?” तो उठला. “आमटी छान झालीय.”

पुढे ती एकटीच ताटासमोर बसून राहिली. यशोधन इमारतींच्या गळतीचा आणि तडे गेलेल्या खांबांचा इंजिनिअर होता. चांगला होता. पण बायको सचिव झाल्यापासून आसपासची एकही सोसायटी त्याला काम देईना. उगाच भानगड नको म्हणत. आता सप्तपर्णीच्या चारही इमारतींच्या दुरुस्तीचे काम त्याच्या दाराशी आले होते. तिला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी गेले वर्ष तिच्यासमोर एकेका दुखण्याच्या रूपाने उभे राहिले. आधी त्याची मान दुखू लागली, म्हणून तो बाहेरच्या दिवाणावर झोपू लागला. मग गुडघा, संध्याकाळचे एकत्र फिरणे थांबले. झोप लागत नाही म्हणून तो कानात इअरबड घालून गाणी ऐकू लागला. ती बोलायला लागली की मध्येच वेगळाच विषय काढी. मुलगी बंगळुरूहून फोन करी, तेव्हा तो आपले बोलणे बाल्कनीत जाऊन उरकी.

प्रत्येक गोष्टीला कारण होते. वयच असे, असे तिने स्वतःला समजावले होते. माणसे अशीच विझत जातात, आवाज न करता. आणि आपल्याला ते कळले नाही यात विझणाऱ्याचा काय दोष? आज यंत्राने तिच्या समजुतीवर सही केली होती. तिला वाटले, आता निदान वाट पाहणे तरी संपले.

*

बुधवारी सकाळी दाराची बेल वाजली. सुनंदाताई उभ्या होत्या, हातात कैरीच्या लोणच्याची वाटी.

“घे. आणि रिकामी परत करणार असशील तर आत्ताच ओतून घे, मी थांबते.”

“ताई, आत या.”

“यायलाच आलेय.” त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. निवृत्त होईपर्यंत त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता, आणि कोणतीही गोष्ट त्या नकाशा उलगडावा तशा सांगत. “तुझा नवरा शनिवारी सकाळी कुठे जातो?”

“योगाच्या वर्गाला. मानेसाठी.”

“कोणत्या?”

“क्लबहाउसच्या मागच्या खोलीत. वाघुळदेंनीच सुरू केलाय ना.”

“योग म्हणे!” सुनंदाताई हसल्या, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. “माझा दीर तीन शनिवार जाऊन आला तिथे. त्याची बायको त्यांच्या सोसायटीच्या समितीवर आहे, आणि त्याला तिथलं रंगाचं काम हवं होतं. उत्तरा, तो अलिप्ततेचा वर्ग आहे. एक पोरगेलासा मानसतज्ज्ञ येतो, टाय लावून. साक्षीसमोर शून्य कसं आणायचं ते शिकवतो.”

उत्तरा वाटीतले लोणचे बरणीत काढून घेत होती; चमचा बरणीतच राहिला.

“बायकोच्या पावलाला पाऊल लावून चालू नका. तिच्याबरोबर जेवू नका. ती वाक्य सुरू करील तेव्हा आपलं वेगळं वाक्य सुरू करा. ती खोकली तर मान वळवू नका. आणि तिला सांगू नका, नाहीतर ती सांभाळून घेईल आणि सगळं फुकट जाईल. असं सगळं शिकवतात म्हणे. माझा दीर तिसऱ्या शनिवारी रडत घरी आला. त्याची बायको म्हणाली, काय झालं? तो म्हणाला, तू खोकलीस.”

“ताई...”

“मी परवाच बोलणार होते. पण सगळे टाळ्या वाजवत होते.” सुनंदाताई उठल्या. दाराशी जाऊन वळल्या. “मला वाटलं, तुला माहीत असेल. नवरा-बायकोचं काही सांगता येत नाही. पण तुझा चेहरा बघितला तिथे.”

त्या गेल्यावर बाथरूममधून पाण्याचा आवाज येत राहिला. यशोधन अंघोळ करीत होता. दिवाणाच्या उशीशी त्याचा इअरबड पडला होता. उत्तराने तो उचलला आणि कानात घातला.

गाणे नव्हते. एक ठोका होता, लाकडावर लाकूड वाजावे तसा, आणि त्याला लय नव्हती. तो कधी लवकर येई, कधी रेंगाळे, मुद्दाम चुकवल्यासारखा. त्यामागे एका तरुण माणसाचा शांत, शिकवणीतला आवाज. श्वास घ्या. सोडा. तुमचा श्वास तुमचा आहे. शेजारच्या खोलीतला आवाज हा केवळ आवाज आहे. तिच्या श्वासाची वाट पाहू नका.

पाणी थांबले. तिने इअरबड होता तेथे ठेवून दिला, त्याच बाजूवर वळवून, अगदी हळू, जणू कोणी झोपलेले माणूस जागे होईल.

*

दुपारी ती गच्चीवर गेली. यशोधन तेथे होता. पाण्याच्या टाकीखालच्या भिंतीवर तो लहान हातोडीने ठोकत चालला होता. दर वीतभर अंतरावर एक ठोका, आणि मग कान देऊन थांबणे. लग्न झाल्यावर नव्या घरात त्याने पहिल्याच सकाळी सगळ्या भिंती अशाच ठोकून पाहिल्या होत्या, आणि ती हसली होती.

“इथे बघ,” तिला पाहून तो म्हणाला. कामाबद्दल बोलताना त्याच्या आवाजात जुनी ऊब येई. “वरून ठणठणीत दिसतं. आतून प्लास्टर सुटलंय. ऐक.” त्याने ठोकले. “बद्द वाजतंय ना? वरून कळत नाही. ठोकून बघावं लागतं.”

“मी तुझा इअरबड ऐकला.”

हातोडी हवेतच राहिली. मग त्याने ती कठड्यावर ठेवली.

“सुनंदाताईंनी सांगितलं?”

“कोणी सांगितलं ते सोड.”

तो खालच्या बागेकडे वळला. “तुला सांगता आलं नसतं,” तो म्हणाला. “तुला माहीत असतं, तर तुझ्या शरीरानं ते सांभाळून घेतलं असतं. तू मला समजून घेतलं असतंस, मनातल्या मनात का होईना. मग रेघ लाल झाली असती. तुझं दुखणं खरं असायला लागत होतं.”

“माझं दुखणं खरं असायला लागत होतं,” तिने ते शब्द परत म्हटले, कोणा परक्याच्या तोंडचे असावेत तसे.

“आपल्यासाठीच केलं, उत्तरा. तुझ्या सचोटीचं सगळं नाशिक कौतुक करतं. मी घरी बसून दुसऱ्यांच्या रिपोर्टवर सह्या करतो. ही इमारत गळतेय. ती नीट कशी करायची हे या गावात मला जेवढं कळतं तेवढं कोणाला कळत नाही. आणि मला ठोकून बघायलासुद्धा परवानगी नव्हती.”

“मला म्हणाला असतास, तर मी राजीनामा दिला असता.”

“राजीनामा दिला असतास तर काम मिळालंच नसतं.” तो थबकला. बोलून गेलो, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसले. “वाघुळदेंना... त्यांना सचिवाचाच नवरा हवा होता.”

“का?”

“रसायनं त्यांच्या साडूच्या दुकानातून घ्यायची आहेत. तशी अट आहे करारात. तू सचिव असलीस, आणि काम माझं असलं, तर तू प्रश्न विचारणार नाहीस.”

वाऱ्याने टाकीवरचे झाकण एकदा खडखडले. उत्तराला प्रथमच सगळा आराखडा स्पष्ट दिसला. तिचा प्रामाणिकपणा, तिची रिकामी वाटी, तिचे एकटेपण; प्रत्येक गोष्ट कोणीतरी मापात बसवून घेतली होती.

“त्याची रसायनं चांगली असतात?” तिने विचारले.

“चालतात.” तो तिच्याकडे पाहत नव्हता. “जरा जास्त थर दिला की चालतात.”

“आणि आता? आता झालं ना? आता तू मानेचं दुखणं सोडून आत झोपायला येणार?”

“काम दोन वर्षं चालेल,” तो म्हणाला. “दर टप्प्याच्या बिलाला नवी मोजणी लागते. आता तुला माहीत झालंय, म्हणजे अवघड जाईल. पण तूही त्या वर्गाला आलीस तर... वाघुळदे म्हणाले, बायकांसाठी वेगळी वेळ ठेवता येईल.” आणि मग, अगदी जुन्या आवाजात, “फक्त दोन वर्षं, उत्तरा. मग सगळं पहिल्यासारखं.”

एक प्रश्न तिच्या जिभेवर आला होता. तिला वाटले, ही विचारण्याची जागा आहे. येथे कोणी नाही, यंत्र नाही. पण उत्तर काय येईल याची तिला भीती वाटली, आणि उत्तर येणारच नाही याची त्याहून जास्त. तिने कठड्यावरची हातोडी उचलून त्याच्या हातात दिली आणि ती जिना उतरून गेली. संध्याकाळी सुनंदाताईंची वाटी परत केली, तेव्हा तिच्यात ओल्या नारळाची वडी होती.

*

सर्वसाधारण सभेला सभागृह भरले होते. मागे बटाटेवड्यांच्या पराती आणि चहाचे थर्मास मांडून ठेवले होते. ठराव लवकर उरकावेत म्हणून ते नेहमी दिसतील असे ठेवत. पंखे बंद होते. साक्षीचा हिरवा दिवा लागला होता, आणि पडद्यावर दोन नावांमधली ती राखाडी रेघ पुन्हा दिसत होती.

“विषय क्रमांक चार,” वाघुळदे म्हणाले. “चारही इमारतींची दुरुस्ती आणि जलरोधन. काम श्री. यशोधन देवस्थळी यांना देण्यात यावे. सूचक?”

पहिल्या रांगेतून हात वर झाला.

“अनुमोदक?”

आणखी एक हात.

“कोणाची हरकत? नाही. सर्वानुमते...”

“आहे,” उत्तरा म्हणाली. ती इतिवृत्त मिटून उभी राहिली होती. “हरकत नाही, घोषणा आहे. या निविदेत माझा हितसंबंध आहे.”

काही जण हसले. वाघुळदेही हसले, मोठ्या माणसाने लहान मुलाला हसावे तसे. “वहिनी, अहो, गेल्याच रविवारी मोजणी झाली. साक्षी काय म्हणाली, सगळ्यांनी पाहिलं. कसला हितसंबंध?”

“तो माझा नवरा आहे.”

“कागदावर. तो काळ गेला आता.”

“त्याचं भलं व्हावं असं मला वाटतं,” उत्तरा म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता. “या करारात त्याचं भलं नाही. तुमच्या साडूच्या दुकानातून माल घ्यायची अट आहे त्यात, आणि मी ती वाचून गप्प बसावं म्हणून काम त्याला दिलं जातंय. मी गप्प बसू शकत नाही, कारण मला त्याची काळजी आहे. हितसंबंध म्हणजे आणखी काय असतं, साहेब?”

सभागृहात कुजबुज उठली. “अट? करारातच अट आहे?” कोणीतरी विचारले. भिंतीलगत बसलेले रहाळकर एकदम मान वर करून पाहू लागले.

वाघुळदेंच्या चेहऱ्यावरचे हसू क्षणभर मागे सरले आणि पुन्हा पुढे आले. त्यांना नियम चांगले माहीत होते. “ठीक आहे. स्वयंघोषणा. सचिवांचा अधिकार आहे तो. मात्र समोरच्या बाजूनं दुजोरा हवा. तेवढंच विचारायचं, बाकीचं नंतर.” ते वळले. “उठा देवस्थळी. सभेला सांगा. तुमची आणि सचिवांची जवळीक आहे की नाही? हो म्हणालात तर निविदा बाद. नाही म्हणालात तर ठराव मंजूर. सोपं आहे.”

यशोधन उठला. नवा, इस्त्रीचा सदरा त्याने घातला होता. सकाळी त्याला स्वतः तो इस्त्री करताना तिने पाहिले होते. सगळी सभा त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

“त्यांना नको सांगूस,” उत्तरा म्हणाली. “मला सांग. गच्चीवर विचारायचं राहून गेलं ते विचारते.” ती आता सचिवासारखी उभी नव्हती. “पहिल्या महिन्यात तो सराव होता, ते मला पटलं, यशो. मान दुखत नव्हती. गुडघा दुखत नव्हता. तू दिवाणावर पडून मुद्दाम माझ्या श्वासाची वाट पाहत नव्हतास. पण शेवटच्या महिन्यात? गेल्या रविवारी, त्या पडद्यावर ते उमटलं तेव्हा? तेव्हाही तो सरावच होता का?”

पंखे बंद होते. एका थर्मासमधून चहाची वाफ फुसफुसत होती. मागच्या रांगेत सुनंदाताईंनी पदर तोंडाशी धरला होता.

यशोधनने तिच्याकडे पाहिले. खूप दिवसांनी पाहिले, आणि त्या पाहण्यात काय होते हे तिला नेमके वाचता येईना. पूर्वी वाचता येत असे. मग त्याने मान खाली घातली. खुर्ची मागे सारली, तिचे पाय फरशीवर करकरले. दोन रांगांच्या मधल्या वाटेने तो दाराकडे निघाला. लोकांनी पाय आत ओढून त्याला वाट दिली.

“देवस्थळी!” वाघुळदे ओरडले. “अहो, हो की नाही, एवढं तर सांगून जा!”

दाराच्या चौकटीशी तो थांबला. त्याच्या बोटांची पेरे सवयीने भिंतीवर टेकली. त्याने ठोकले मात्र नाही. बाहेरच्या ढिगातून त्याने आपल्या चपला शोधल्या, पायांत सरकवल्या.

कोणीतरी “अरे, रेघ बघा!” म्हणाले, आणि सगळ्या सभेच्या माना एकदम पडद्याकडे वळल्या. उत्तराने तिकडे पाहिले नाही. ती दाराकडे पाहत होती. जिन्यावरून खाली जाणारी त्याची पावले तिला ऐकू येत होती, आणि ती ऐकू येत होती तोवर तिने श्वास घेतला नाही.